चाळिसावं नाव

यादी एकोणचाळीसवर येऊन थांबली त्याला तीन दिवस झाले होते आणि शामराव मेश्रामांना तो आकडा आता बघवत नव्हता. चाळीस कसं भरलेलं दिसतं. एकोणचाळीस म्हणजे दारात येऊन चपला न काढणारा पाहुणा.

अर्ज उद्या, सोमवारी, शाळेत द्यायचा होता. एका शाळेत मराठी बोलणारी चाळीस मुलं असतील तर त्यांच्यासाठी मराठीचा मास्तर मागता येतो, हे दोन वर्षं पत्रांवर पत्रं लिहून त्यांनी सरकारकडून वदवून घेतलं होतं. ते उत्तर चौकटीत बसवून भिंतीला लावायचं तेवढं बाकी होतं. आता हवी होती चाळीस नावं आणि प्रत्येक नावापुढे आई-बाप दोघांच्या सह्या. एकोणचाळीस नावं त्यांनी आपल्या वहीतून उतरवली होती. चाळिसावी त्यांची सख्खी नात नयना. तिच्या बापाची सही झाली होती. आईची जागा कोरी होती, आणि आई तिथून पंधरा पावलांवर स्वयंपाकघरात पाटवड्यांचं पीठ घोटत होती.

बाहेरच्या एकाही माणसाने शामरावांना नाही म्हटलं नव्हतं. बदली होऊन गेलेल्या बाबुरावांनी तर गोरखपूरहून टपालाने सह्या पाठवल्या होत्या. नाही म्हणाली ती घरची सून.

‘बाबूजी, हम नहीं करेंगे,’ एवढंच ती गुरुवारी म्हणाली होती आणि कागद पुन्हा टेबलावर ठेवून, उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवून निघून गेली होती. भांडली असती तर शामरावांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं.

अंगणात पेरूच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. लखनौच्या मानक नगरातलं हे क्वार्टर शामराव निवृत्त झाल्यापासून देवानंदच्या नावावर होतं, पण टेबल अजून बापाचंच होतं. त्यावर शाईची दौत, दोन टाक, एक जुनं ब्लेड आणि वही. नकाशांच्या कचेरीत ट्रेसरपासून हेड ड्राफ्ट्समनपर्यंत चढलेल्या माणसाची ती वही, म्हणजे अक्षरं छापल्यासारखी. अठ्ठावन्न साली, लखनौत आल्या वर्षी, त्यांनी ती सुरू केली. शहरातली मराठी बौद्ध कुटुंबं, घरटी किती माणसं, कोण कुठल्या कचेरीत. दरवर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी घरातली मंडळी जमायची, वर्षभरातले जन्म आणि लग्नं सांगायची, शामराव ती लिहायचे आणि खाली एकूण मांडायचे. मग जेवण. आज तोच रविवार होता.

वहीचा नियम एकच. लिहिलेलं नाव खोडायचं नाही. बदली होऊन गेला त्याच्यापुढे पेन्सिलीचा ठिपका, सासरी गेली तिच्यापुढे बाण, आणि जो कायमचाच गेला त्याच्यापुढे बारीक गोल. पण बेरजेत सगळेच. त्यामुळे लखनौतली मराठी बौद्ध माणसं तेवीस वर्षं वाढतच चालली होती, बदल्या झाल्या तरी, पोरी नांदायला गेल्या तरी, आणि खरं सांगायचं तर माणसं मेली तरी.

‘आई, पीठ अजून घट्ट करू का?’ आतून आवाज आला.

‘नको वं, फाटतीन मंग. बस झालं,’ शामरावांच्या बायको, सुभद्राबाई, म्हणाल्या.

शामरावांनी ते ऐकलं आणि ऐकलंही नाही. ते फाटकाकडे बघत होते. त्यांची मुलगी नीला यायची होती आणि त्यांची सगळी भिस्त तिच्यावर होती.

नीला रिक्षातून उतरली ती अमीनाबादेतून नयनासाठी घेतलेला फ्रॉक आणि हातात जाडजूड फाईल घेऊन. अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी युनिव्हर्सिटीत लोकसंख्येवर संशोधन करत होती आणि होस्टेलवर राहत होती. तिचा विषय घरात थट्टेचा होता. कॅनडात जाऊन स्थायिक झालेले युक्रेनी लोक, नव्वद वर्षांपूर्वी बोटींतून गेलेले, माळरान फोडून गहू पिकवणारे. तिच्या गाईडनी तिकडे शिकताना जनगणनेचे खंड जमवले होते, ते तिच्या वाट्याला आले. थोरल्या आत्याला, गयाबाईला, युक्रेन हा शब्द काही जमला नाही. तिने त्यांचं नाव गहूवाले ठेवलं आणि तेच घरात रूढ झालं.

‘काय म्हणतात तुझे गहूवाले?’ बाजेवर मेथी निवडत बसलेल्या गयाबाईने विचारलं.

‘चाललंय त्यांचं, आत्या. तुमच्याकडे जनगणनावाला येऊन गेला म्हणे?’

‘दोन हप्ते झाले. आपल्या शाळेतलाच मास्तर, चंद्रशेखर. भला माणूस. एकसष्टच्या त्या मेल्यासारखा नाई.’

झालं. एकसष्टचा उल्लेख निघाला की ती गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय गयाबाई मेथीला हात लावत नसे. वर्तमानपत्राआड लपलेल्या देवानंदने पान उलटलं. गोष्ट त्याला पाठ होती, सगळ्यांनाच होती, पण शामरावांना ती दरवर्षी नव्याने आवडायची.

‘तो गणतीवाला आला तं याले काही विचारलंच नाई,’ गयाबाई म्हणाली. ‘जात विचारली, आन् धर्माच्या जागी आपल्याच मनानं हिंदू लिवून मोकळा. आमी छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आलेली माणसं! याले मागाहून कळलं. दुसऱ्या दिवशी गेला त्याच्या दारी. आठ वाजल्यापासून उभा. तो म्हणे, काय फरक पडते? हा म्हणे, मले विचारल्याबिगर माझं लिवणारे तुमी कोण? अकरा वाजले तवा बौद्ध लिवलं त्यानं. पुरे तीन घंटे उभा होता श्यामा.’

‘तीन तास दहा मिनिटं,’ शामराव म्हणाले. इतक्या वर्षांनीही त्यांची मान आपोआप ताठ झाली.

स्वयंपाकघराच्या दारात सून, राजरानी, उभी होती. हाताला पीठ लागलेलं. तिने गोष्ट पूर्ण ऐकली आणि आत वळली.

शामरावांनी संधी साधली. ‘नीला, तू आता सांग सगळ्यांना. तुझ्या लोकांचं कसं झालं ते. म्हणजे मराठीचा वर्ग काहून पाहिजे ते लोकांना कळेल.’ लोकांना म्हणताना त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

नीलाने फाईल उघडली. ती खूश झाली होती, कारण घरात कुणी तिचा विषय गंभीरपणे विचारत नसे. ‘कॅनडावाले तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतात, बाबा. तुमचं मूळ कुठलं, पहिली शिकलेली भाषा कोणती, आणि घरात रोज काय बोलता. एकाहत्तर साली मूळ युक्रेनी सांगणारे निघाले सुमारे पाच लाख ऐंशी हजार.’

‘बघा!’ शामराव टेबलावर थाप मारून म्हणाले. ‘मूठभर गेले होते. कुठल्या कुठे पोचले.’

‘थांबा ना. पहिली भाषा युक्रेनी असलेले सुमारे तीन लाख दहा हजार. आणि घरात ती बोलणारे दीड लाखाच्याही आत.’

दौतीवर एक माशी येऊन बसली. ती हाकलायचं शामरावांना सुचलं नाही.

‘म्हणजे पोट्टे गेले कुठं?’ गयाबाईने विचारलं.

‘कुठेच गेले नाहीत, आत्या. तिथेच आहेत. आजोबांचं गाव विचारलं तर सांगतात, सणाला ठरलेले पदार्थ करतात. आजीशी बोलायची वेळ आली की इंग्रजीत बोलतात. दर गणतीला पहिल्या रकान्यातले वाढतात आणि शेवटच्या रकान्यातले कमी होतात.’

‘म्हणून तर वर्ग पाहिजे!’ शामरावांचा आवाज चढला. ‘हेच मी सांगतोय. नयना आज नऊ वर्षांची आहे. माझ्याशी हिंदीत बोलते.’

नयना पेरूच्या फांदीवर होती. ‘हम समझते सब हैं, आजोबा,’ ती वरून म्हणाली.

‘और माँ की तरफ़ वाले?’

राजरानी पुन्हा दारात आली होती. या वेळी हात धुऊन. नीलाने वळून बघितलं. ‘काय, वहिनी?’

‘तुम्हारे गेहूँवाले. किसी की माँ युक्रेन की हो, बाप कहीं और का. उसको कहाँ गिनते हैं?’

नीलाने फाईलमधलं एक पान काढलं. हा प्रश्न तिला तिच्या गाईडनेही विचारला नव्हता, आणि उत्तर तिला ठाऊक होतं. ‘मूळ विचारतात ते बापाकडूनच, वहिनी. प्रश्नातच तसं लिहिलंय. तुमचे पुरुषाकडचे पूर्वज कोण.’

‘मतलब माँ गिनती में नहीं.’

‘मूळच्या रकान्यात नाही.’

‘यहाँ भी नहीं,’ राजरानी म्हणाली. आवाज शांत होता. अकरा वर्षांत या घरात तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. ‘बाबूजी, आप पूछते नहीं, हम दस्तख़त क्यों नहीं करते. तो हम बता दें?’

शामरावांनी मान हलवली. हो की नाही, हे कुणालाही कळलं नसतं अशी.

‘दो हफ़्ते पहले मास्टर साहब आए. आप यहीं बैठे थे, इसी कुर्सी पर. हम चाय लेकर आ रहे थे. उन्होंने पूछा, सबकी मातृभाषा? आपने कहा, लिखिए, छहों के छहों मराठी. हमारा भी मराठी. और हमने ट्रे रख दी.’ तिने पदराने हात पुसले. ते कोरडेच होते. ‘हमारी अम्मा को गए दो जाड़े हुए. हमारे गाँव बख्शी का तालाब में दूसरों के खेत में मूँगफली खोदती थीं और हमको पीठ पर बाँधकर गाती थीं. एक बोल मराठी का नहीं बोला उन्होंने. उनको तो हमारे ब्याह तक पता भी नहीं था कि ऐसी कोई बोली होती है. और सरकार के काग़ज़ में लिखा गया कि वो हमसे मराठी बोलती थीं.’

‘आता तू आमची सून हायेस, तं मराठीच की,’ गयाबाई म्हणाली. ‘त्यात काय वाईट हाय?’

‘बुरा कुछ नहीं है, आत्याजी. पर किसी ने पूछा नहीं.’ आणि मग ती शामरावांकडे वळली. ‘आप तीन घंटे खड़े रहे थे, बाबूजी. हमको तो आठ दिन यही समझ में नहीं आया कि हम किसके दरवाज़े पर जाकर खड़े हों.’



शामरावांना आधी राग आला. तो राग येणं सोपं होतं. सगळ्यांसमोर, वर्षाच्या या दिवशी, आणि तीही त्यांचीच गोष्ट त्यांच्यावर उलटवून. ते देवानंदकडे वळले. ‘तू ऐकतोयस ना? तू होतास त्या दिवशी इथे. चुकीचं सांगत होतो तर बोलला का नाहीस?’

देवानंदने वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बापासमोर तो नेहमी असाच कशाशी तरी चाळा करायचा. ‘मी ऐकलं होतं, बाबा. वाटलं, जाऊ दे, काय फरक पडतो.’ बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे वाक्य गोष्टीत कुणाचं आहे. त्याचे कान लाल झाले. ‘मी सही केली ती तुमच्या धाकाने. तिला न विचारता. चुकलंच माझं.’

‘मीबी ऐकलं होतं,’ सुभद्राबाई आतून म्हणाल्या. त्या बाहेर आल्या आणि सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या. ‘मले तवाच वाटलं होतं, हे बरोबर नाई. पण तुमी सांगून राहिले होते जी, आन् तुमच्या मधात या घरात कोण बोलते? चाळीस वर्षं झाली, मी बोलली का कदी?’

शामरावांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्या बाजूने नाही, हे त्यांना कळायला वेळ लागला. राहता राहिली नीला.

‘नीला, तू तरी सांग. एका नावाने काय होतं ते. एका नावासाठी मास्तर जाईल हातचा.’

नीलाने वही पुढे ओढली होती आणि ती यादी वहीशी ताडून बघत होती. खरं तर तिला बोलायचं नव्हतं. ‘बाबा, नयनाचं नाव घातलं तरी चाळीस होत नाहीत.’

‘म्हणजे?’

‘बाबुरावकाकांची तिघं गोरखपूरला आहेत. सह्या टपालाने आल्या, पण मुलं तिथल्या शाळेत जातात. विष्णूकाकांची दोघं आजीकडे, नागपूरला. ढोकांची तीन मुलं झाशीला गेली त्याला चार वर्षं झाली. आणि बाबा, हा सुधीर. तुम्ही चौथीत लिहिलाय. त्याला मिशा आहेत. तो बख्शी का तालाबला एअर फोर्सच्या स्टेशनात नोकरीला लागलाय.’

‘सुधीर?’ गयाबाई हसायला लागली आणि मध्येच थांबली.

‘इथे या शाळेत तीसच आहेत, बाबा. चाळीस कधीच नव्हते.’ नीलाने वही अलगद मिटली. ‘तुमची वही म्हणजे पहिला रकाना आहे. त्यात कुणी कमी होतच नाही.’

शामरावांनी मिटलेली वही आपल्याकडे ओढली. तीस. त्यांनी सगळी माणसं डोळ्यांपुढे आणून पाहिली. ढोकांचं क्वार्टर, ज्यात आता एक बंगाली कुटुंब होतं आणि ज्यावरून ते रोज जायचे. सुधीर परवाच बाजारात भेटला होता आणि त्याने वाकून नमस्कार केला होता. त्यांना सगळं माहीत होतं. फक्त वहीला माहीत नव्हतं.

‘माझ्या आज्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही,’ ते शेवटी म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळत नव्हतं. ‘पाटलाच्या वहीत बैलांची नावं होती. आमची नव्हती. म्हणून मी ठरवलं होतं, एकदा लिहिलेलं माणूस खोडायचं नाही.’

‘ठाऊक हाय आमाले,’ सुभद्राबाई हळूच म्हणाल्या.

शामरावांनी पायात चपला घातल्या. छत्री घेतली नाही, टोपी घेतली नाही, फाटक उघडून निघाले. ते रागावून गेले असंच सगळ्यांनी धरलं. गयाबाईने सुनेला दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुभद्राबाई म्हणाल्या, ‘ताई, आज नाई,’ आणि गयाबाईने खरंच तोंड मिटलं. नयना झाडावरून उतरून आईला चिकटून उभी राहिली. देवानंदने राजरानीकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण त्याने पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला.

खरी गोष्ट अशी की कॉलनीच्या मागच्या ओळीत जाईपर्यंत शामराव रागावलेलेच होते. एवढ्या वर्षांत त्या पोरीला आपण काय कमी केलं, तिच्या बापाने एक शब्द टाकला आणि आपण हुंड्याचं नाव न काढता बुद्धवंदना म्हणून तिला घरी आणली, हे सगळं ते मनातल्या मनात तिला ऐकवत होते. पण ते ऐकवताना त्यांना तिच्या आईचं नाव आठवेना. व्याह्यांचं आठवत होतं, दयाराम. विहीणबाईंचं नाही. मातीला गेले होते, खांदा दिला होता, आणि नाव माहीत नव्हतं. तिथून त्यांचा राग चालेनासा झाला.

जनगणनेची मोजणी संपली होती, पण पाच तारखेपर्यंत पुन्हा एकदा घरोघर जाऊन चुका दुरुस्त करायच्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. चंद्रशेखर मास्तर एका ओट्यावर बसून कागद लावत होते. अर्ध्या तासाने शामराव त्यांना घेऊनच फाटकातून आत आले.

‘कोई पैदा हुआ क्या, मेश्राम साहब? या कोई...’ मास्तरांनी पिशवी खुर्चीला अडकवत विचारलं.

‘नहीं. एक ग़लती ठीक करनी है. मेरी ग़लती.’ शामरावांनी स्वतःची खुर्ची ओढून झाडाच्या सावलीत ठेवली. मग ते दाराकडे बघून म्हणाले, ‘सूनबाई, इथे बस.’

राजरानी बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तेवढंही या घरात नवीन होतं.

मास्तरांनी तिचा कागद शोधून काढला. ‘मातृभाषा मराठी लिखी है.’

‘अवधी,’ ती म्हणाली.

‘अवधी?’ मास्तर हसले. ‘अरे, तो हिंदी ही लिख देते हैं, बहूजी. एक ही बात है.’

‘एक बात नहीं है, मास्टर साहब,’ शामराव म्हणाले. ते टेबलाच्या पलीकडे उभे होते, एकसष्ट साली उभे राहिले असतील तसे. ‘जो वो कह रही है, वही लिखिए. हम खड़े हैं.’

मास्तरांनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं. शामरावांनी वाकून ते अक्षर तपासलं.

‘और बच्ची की?’

हा प्रश्न येणार हे शामरावांना माहीत होतं. तरी त्यांनी टेबलाची कड धरली. राजरानीने लेकीकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. खोटं बोलली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, आणि शामरावांना, खरं सांगायचं तर, ती एवढं एक खोटं बोलेल अशी आशा होती.

‘हम तो इससे हिंदी में ही बोलते हैं,’ ती म्हणाली.

मास्तरांनी हिंदी लिहिलं. शामरावांनी ते अक्षर तपासलं नाही.

‘इसके अलावा कोई भाषा? बिटिया, मराठी बोल लेती हो?’

‘समझते हैं,’ नयना म्हणाली. ‘बोलते नहीं.’

‘तो ख़ाली छोड़ते हैं.’ मास्तर पुन्हा आईच्या कागदाकडे वळले. ‘आपका भी बदलना पड़ेगा. अवधी के अलावा कौन-सी भाषा जानती हैं?’

‘हिंदी,’ राजरानी म्हणाली. ‘और मराठी.’

‘मराठी बोल लेती हैं आप?’

‘बोलते की,’ राजरानी म्हणाली. ‘रोज बोलते. आईंशी. मीठ किती घालू, पीठ घट्ट झालं का, नीलाताई का आली नाही, सगळं.’

सुभद्राबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ‘अकरा वर्षं झाली जी. तुमाले वाटलं, मी आतमंदी एकटीच बोलून राह्यली?’

शामरावांना ते आवाज आठवायला लागले. पेपर वाचताना, वही लिहिताना, दुपारी डोळा लागता लागता आतून येणारे दोन बायकांचे मराठी आवाज. दोन. मराठी मुलं शोधायला ते कॉलनीभर हिंडले, गोरखपूरला पत्रं घातली, आणि स्वयंपाकघरातलं त्यांनी कधी मोजलं नाही. त्यांना शरम वाटली, आणि त्या शरमेतच इतका आनंद झाला की डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मास्तर चहा घेऊन गेले. शामरावांनी अर्जाची यादी समोर घेतली, नऊ नावं वगळून तीस नावांची नवी यादी केली आणि खाली आकडा लिहिला. नियम चाळीसचा होता. तिसांवर कुणी मास्तर देणार नव्हतं, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

‘देऊन बघू,’ ते म्हणाले.

‘नयना को हमारे पास छोड़ दीजिए, बाबूजी,’ राजरानी म्हणाली. ‘हम भी किसी स्कूल में नहीं सीखे. रसोई में सीखे.’

‘उद्यापासून पाटवड्या वळाले ये वं,’ सुभद्राबाईंनी नातीला सांगितलं. ‘हिंदीत मागशीन तं मिळणार नाई.’

नयनाने आईकडे बघितलं. आई हसत नव्हती, म्हणजे हे खरंच होतं.

मग शामरावांनी वही उघडली. नवं पान नाही, जुनं, सत्तर सालचं. घराच्या नावाखाली ओळी होत्या. शामराव. सुभद्रा. गयाबाई. देवानंद. नीला. आणि त्याखाली, सुंदर अक्षरात, सौ. देवानंद. अकरा वर्षं ती ओळ दरवर्षी बेरजेत घेतली जात होती.

‘तुझ्या आईचं नाव काय होतं?’ त्यांनी विचारलं. ‘मला माहीत नाही. विचारायला पाहिजे होतं.’

‘सुखदेई.’

त्यांनी ब्लेड उचललं. ट्रेसिंगवरची शाई खरवडायला तीस वर्षं वापरलेलं हे ब्लेड, पण वहीला ते आजवर लागलेलं नव्हतं. सौ. देवानंद ही अक्षरं त्यांनी हलक्या हाताने, कागदाला भोक पडू न देता, एकेक करून खरवडली. चूर फुंकून टाकला. टाक बुडवून त्या जागी लिहिलं: राजरानी, सुखदेईची मुलगी, बख्शी का तालाब. जागा पुरेना, तेव्हा शेवटची अक्षरं समासात गेली. असं या वहीत कधी झालं नव्हतं.

‘बरोबर आहे का, राजरानी?’

तिने वही स्वतःकडे वळवून घेतली आणि बोट फिरवत सावकाश वाचलं. आईच्या नावावर बोट थोडा वेळ थांबलं. मग तिने वही पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली.

‘आता मोजा,’ ती म्हणाली.